पाच मशीनं आणि वहिनींचा हात

सकाळचे दहा वाजले की आमच्या लॅबमध्ये पाय ठेवायला जागा नसायची, आणि ती गर्दी रिपोर्ट न्यायला आलेल्यांची नव्हती. रिपोर्टवाले बिचारे खिडकीबाहेर पावत्या धरून ताटकळत असायचे. आत घुसलेले सगळे आमचेच लोक. वॉर्डातल्या सिस्टर, एक्स-रेवाला, औषधांच्या खिडकीवरचा माणूस, एकदा तर ऑपरेशनच्या खोलीतले दोघे हिरव्या कपड्यांतच आले होते. सगळ्यांना महाराजांना बघायचं होतं.

महाराज यायचे, चपला दाराबाहेर काढायचे आणि टेबलावरच्या पाच कॉम्प्युटरांवरून हात फिरवत एक चक्कर मारायचे. पाचही मशीनं तेव्हा अर्धमेली असायची. एक बटण दाबावं तर पडद्यावर गोल चक्र फिरत राहायचं आणि एका पेशंटचं नाव उघडायला पाच-पाच मिनिटं जायची. महाराज त्यातल्या एका मशीनपुढे बसायचे, पिशवीतून मोठं काळं फडकं काढायचे आणि ते मशीनच्या पडद्यावर नि स्वतःच्या डोक्यावर असं दोन्हींवर ओढून घ्यायचे. मग आतून गुणगुण सुरू. अर्ध्या-पाऊण तासाने ती गुणगुण चढत चढत जायची, महाराज एकदम "सुटलं!" म्हणून ओरडायचे, फडकं भिरकावायचे, आणि काय सांगू तुम्हाला, मशीनं खरोखरच सुटायची. एकामागून एक, पाचही. प्रिंटर खडखडायला लागायचा, सिस्टर हात जोडायच्या, आणि बाहेर ताटकळणाऱ्या लोकांना वाटायचं, चला, आले एकदाचे रिपोर्ट.

मी त्यांना महाराज म्हणत नसे. मी त्यांना फडकंवाला म्हणायचे, तेही तोंडावर. त्यामुळे लॅबमध्ये माझं कोणाशी धड बोलणं उरलं नव्हतं.

त्यांचं प्रवचन मला अजून पाठ आहे. "यंत्राला जीव असतो, पण सूक्ष्म. तुम्ही त्याला वीज पाजता, माया पाजत नाही. मग ते रुसतं. वीज म्हणजे दुसरं काय आहे? प्राणच, फक्त तारेतला." मी एकदा विचारलं की मग आमचा पंखा का रुसत नाही, तोही विजेवरच चालतो. त्यावर ते डोळे मिटून म्हणाले की पंख्याला स्मरणशक्ती नसते. लोकांनी माना डोलावल्या. कॉम्प्युटरात मेमरी असते हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणजे महाराजांचं म्हणणं शास्त्रालाही धरून झालं.

मी रक्त तपासणारी बाई. एकतीस वर्षं झाली या कामाला. आमच्याकडे रोज सकाळी पहिला नमुना पेशंटचा लावत नाहीत. आधी ज्याचं उत्तर माहीत आहे अशा बाटलीतलं रक्त तपासतात. त्याला कंट्रोल म्हणतात. त्याचं उत्तर बरोबर आलं तरच मशीनवर विश्वास ठेवायचा, नाहीतर त्या दिवशीचा एकही आकडा बाहेर जाऊ द्यायचा नाही. माझ्या शेजारी बसणारा टेक्निशियन, ज्याला सगळे चष्मेवाला म्हणतात, त्याने एकदा कंट्रोल जरासा हलला म्हणून चाळीस रिपोर्ट अडवून धरले होते आणि मोठ्या डॉक्टरांशी भांडला होता. तोच माणूस फडकंवाल्यापुढे डोळे पुसत उभा राहायचा. महाराज न येता मशीनं सुटतात का, हे एक दिवससुद्धा बघावं असं त्याच्या मनात आलं नाही. त्याचा मला सगळ्यात जास्त राग यायचा.

इथवर मी नुसती चिडत होते. कटकट होती, वेळ जात होता, पण कोणाच्या जिवाला घोर नव्हता. मग त्यांनी वहिनींचं नाव घेतलं.

वहिनी म्हणजे आमच्याकडे रिपोर्ट टाइप करणारी बाई. नवरा चार वर्षांपूर्वी गेला. तिचा दीर हॉस्पिटलात वॉचमन होता, त्याने खटपट करून तिला चिकटवून घेतलं. तो तिला वहिनी म्हणायचा आणि ती त्याला भाऊजी, म्हणून सगळ्या हॉस्पिटलनेच तिला वहिनी आणि त्याला भाऊजी करून टाकलं होतं. दोघंही पापभीरू, दिलेलं काम डोळ्यात तेल घालून करणारी. रोज आठच्या ठोक्याला वहिनी यायच्या, कुलूप काढायच्या, बोळातला मेन स्विच वर करायच्या आणि पाचही मशीनं ओळीने सुरू करायच्या. म्हणजे मशीनांना दिवसाचा पहिला हात लागायचा तो त्यांचा.

त्यांचे सासरे एका दुपारी वारले, त्या कामावरून तशाच घरी गेल्या आणि पुढचे तीन दिवस आल्या नाहीत. ते तीन दिवस मशीनं सकाळपासून सुरळीत चालली. महाराज आले आणि काही न करता चहा पिऊन गेले. चौथ्या दिवशी सकाळी वहिनी कामावर आल्या, पण त्या दिवशीही मशीनं ठीक होती. पाचव्या दिवशी त्यांनी स्विच वर केला, मशीनं लावली आणि पुन्हा तोच प्रकार सुरू झाला. हे सगळ्यात आधी टिपलं चष्मेवाल्याने. टिपण्याची त्याला सवयच आहे. चौथ्या दिवसाचं मात्र तो सोयीस्कर विसरला. त्याने जाऊन महाराजांच्या कानावर घातलं.

महाराजांनी डोळे मिटले, वहिनींना पुढे बोलावलं आणि सगळ्यांसमोर विचारलं की नवऱ्याला शेवटचं औषध कोणी पाजलं. वहिनी म्हणाल्या, मी. सासऱ्यांना? त्यांनाही मीच. महाराज हळूच म्हणाले, "हाताला आहे. या हाताखाली जिवंत वस्तू टिकत नाही. मशीन मुकं आहे म्हणून ओरडत नाही, एवढंच."

खोलीत कोणी हसलं नाही. मी काहीतरी बोलले, पण माझं बोलणं आधीच वाया गेलेलं होतं. दुसऱ्या दिवसापासून वहिनींना बाहेरच्या बाकावर बसवलं, पावत्या लावायला. सकाळी मशीनं सुरू करायचं काम माझ्याकडे आलं. मी लावली तरी ती अर्धमेलीच असायची, पण आता लोक म्हणायला लागले की तिच्या हाताचा ठसा राहिलाय, तो इतक्यात जाणार नाही. असल्या लोकांना काय उत्तर देणार?

उपाय महाराजांनीच सांगितला. उजवा हात मनगटापर्यंत कढत तेलात, अकरा आकडे मोजेपर्यंत. हात खरा असेल तर फोडसुद्धा येणार नाही. त्यानंतर बाईने खुशाल टेबलावर बसावं. नाही केलं, तर मोठ्या डॉक्टरांनी तिची नेमणूक पुढे वाढवू नये. दिवस ठरला शुक्रवारचा.

मी तडक मोठ्या डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, "बाई, मी डॉक्टर आहे. माझा असल्या गोष्टींवर विश्वास आहे का? पण स्टाफचं समाधान होतंय, काम होतंय." तेल म्हणजे काय ते तुम्हाला समजतं ना, असं मी विचारल्यावर त्यांनी खिडकीकडे बघितलं आणि म्हणाले की जे काय करायचं ते आवाराच्या बाहेर करा, हॉस्पिटलचं नाव यात नको. म्हणजे हात भाजला तरी चालेल, फक्त त्यांच्या फरशीवर नको. मग ठरलं की शुक्रवारी संध्याकाळी, वहिनींच्या घरीच.

वहिनींना मी बाकावर गाठलं आणि सांगितलं की हा वेडेपणा करायचा नाही, नोकरी गेली तर मी दुसरीकडे शब्द टाकीन. त्या पावत्या लावत होत्या, डाव्या हाताने. उजवा हात पदराखाली ठेवला होता. म्हणाल्या की आठ दिवस झाले, मुलीच्या डोक्याला हात लावलेला नाही. तिची वेणी शेजारीण घालते, आणि जेवण वाढायचं ते पळी डाव्या हातात धरून.

"तुम्ही म्हणता ते खरं असेल, ताई," त्या म्हणाल्या. "पण मी नव्हते त्या दिवसांचं काय?"

फडकंवाला लबाड आहे हे मला ठाऊक होतं, पण ते तीन दिवस लबाड नव्हते. ते मी माझ्या डोळ्यांनी बघितले होते.

म्हणून मी माझ्या कामाच्या पद्धतीने बसले. एखादा आकडा चुकला की आम्ही विचारतो, त्या दिवशी काय वेगळं होतं? बाटली वेगळी, सुई वेगळी, माणूस वेगळा? एकच कारण दिसलं म्हणून तिथे थांबायचं नाही, दुसरं काय बदललं होतं ते बघायचं. मी हजेरीचं पुस्तक काढलं. त्या तीन दिवसांत वहिनी गैरहजर. बाकी सगळे हजर. मग वाटलं, आपल्या लॅबचंच पुस्तक का बघतेय मी? फाटकावर गेले आणि वॉचमन लोकांचं पुस्तक मागितलं. आणि कपाळावर हात मारून घेतला. भाऊजी गैरहजर, तेच तीन दिवस, आणि त्याच्या आदली संध्याकाळही. असणारच की. सासरा तिचा, तर बाप त्याचा. एकाच मयतीला दोघं गेली होती आणि आम्ही सगळे फक्त तिच्याकडे बघत बसलो होतो.

आता भाऊजी लॅबमध्ये करतात काय? संध्याकाळी सहाला सगळे गेले की ते येतात, पाचही मशीनं बंद करतात, बोळातला मेन स्विच खाली ओढतात आणि कुलूप लावतात. दीड वर्षापूर्वी कोठीच्या खोलीत वायर जळाली होती. तेव्हापासून मोठ्या डॉक्टरांचा तसा लेखी हुकूम आहे आणि भाऊजींनी तो एक दिवसही चुकवलेला नाही. त्या चारही संध्याकाळी त्यांच्या जागी मागच्या फाटकावरचा माणूस होता. त्याला विचारलं तर तो ओशाळला. म्हणाला, मला कोणी सांगितलंच नव्हतं, मी नुसतं कुलूप घालून जायचो.

म्हणजे त्या चार रात्री मशीनं चालू राहिली होती. त्यातल्या शेवटच्या रात्रीनंतरची सकाळ ती चौथ्या दिवसाची, म्हणून त्या दिवशी वहिनी असूनही मशीनं ठीक होती.

मी बोळात गेले. मेन स्विचशेजारी तो हुकूम चिकटवलेला होता, आणि त्याच्या कडेने खालचा एक जुना कागद डोकावत होता. नखाने वरचा कागद सोलला. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं: कॉम्प्युटर रात्री बंद करू नयेत. त्याखाली एक फोन नंबर होता.

तो नंबर आमची मशीनं बसवून देणाऱ्या कॉम्प्युटरवाल्याचा निघाला. त्याचं आमच्याकडचं काम कधीच संपलं होतं, तो दुसऱ्या गावी होता, पण भला माणूस, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ताई, मशीनलाही झाडलोट लागते. व्हायरस शोधणं, नवीन सुधारणा घालणं, तुमच्या रिपोर्टांची नक्कल काढून ठेवणं. हे माणसाने रोज बसून करायचं म्हटलं तर काम बंद पडेल, म्हणून मी ते आपोआप होईल असं लावून दिलं. रात्री दोनला, तुम्ही कोणी नसताना. पण मशीन त्या वेळी बंद असेल तर ते काम बुडत नाही. सकाळी मशीन सुरू झालं की ते आधी राहिलेलं काम उरकायला घेतं. तुमची मशीनं जुनी, दोन-अडीच तास जातातच. संपलं की आपोआप ठीक होतात."

मी विचारलं, हे चाललंय ते पडद्यावर दिसतं का. तो म्हणाला, खाली कोपऱ्यात बारीक चिन्ह असतं, ते उघडलं की किती टक्के झालं ते दिसतं. मला त्या काळ्या फडक्याची आठवण झाली आणि मी बोळातच मोठ्याने हसले. पुढे कळलं की फडकंवाला आधी कॉम्प्युटरच्या दुकानात दुरुस्तीला होता.

हा झाला बुधवार, दुपारी चारचा सुमार. आता जे सांगते ते सांगताना माझी जीभ अडखळते.

कॉम्प्युटरवाला म्हणाला होता की फोनवर सांगतो तसं करा, आत्ता दहा मिनिटांत वेळ बदलून टाकू. मी नको म्हटलं. मला वाटलं, नुसतं दुरुस्त केलं तर महाराज म्हणतील माझ्यामुळे झालं, आणि लोक त्यांचे पाय धरतील. मला ते सगळ्यांसमोर, पुराव्यानिशी उघडं पाडायचं होतं. तेल शुक्रवारी संध्याकाळी होतं, माझ्या हातात शुक्रवारची सकाळ होती. एकदा मशीनवर खात्री करायची, मग उलटं करून दुसऱ्यांदा करायची, मग बोलायचं. एकतीस वर्षं मी असंच काम केलं आहे. एका आकड्यावर मी कधी सही केली नाही.

बुधवारी सहानंतर भाऊजी मेन ओढून फाटकाकडे गेले. मी परत आले, मेन वर केला आणि पहिली दोन मशीनं सुरू करून ठेवली. बाकीची तीन बंद. गुरुवारी सकाळी पहिली दोन पाण्यासारखी चालत होती आणि तीन मेलेली. मला नाचावंसं वाटलं. मी मूग गिळून बसले.

दहाला महाराज आले. दोन मशीनं चालू बघून क्षणभर गडबडले, पण असले लोक फार काळ गडबडत नाहीत. "उतरायला लागलंय," ते म्हणाले. "बाई बाहेर बसल्याचा गुण आहे." बोळातून वहिनी ऐकत होत्या. मी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा. त्यांच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी काहीतरी हललं होतं. मी त्या वेळी चार पावलं चालून त्यांच्या कानात सांगायला हवं होतं. मी म्हटलं, उद्या. उद्या सगळ्यांसमोर, त्यांच्याच खुर्चीवर बसवून सांगेन.

गुरुवारी संध्याकाळी मी उलट केलं. पहिली दोन बंद राहू दिली आणि बाकीची तीन चालू ठेवली. शुक्रवारी आठला मोठ्या डॉक्टरांच्या हातात एक बंद पाकीट दिलं आणि सांगितलं की दहाला लॅबमध्ये या, मी सांगेन तेव्हा उघडा.

दहाला खोली भरली. तीन मशीनं चालत होती, पहिली दोन मेलेली होती. लोक चक्रावले, कारण काल बरोबर उलटं होतं. महाराज खुशीत होते, दुसऱ्या मशीनपुढे बसले आणि फडक्यात शिरले. गुणगुण सुरू झाली. मी घड्याळाकडे बघत राहिले. आवाज चढायला लागला तशी मी पुढे झाले आणि फडकं ओढून काढलं.

पडद्याच्या कोपऱ्यात छोटी चौकट उघडलेली होती. तपासणी सुरू, त्र्याण्णव टक्के पूर्ण.

महाराज म्हणाले की हे यंत्राचं प्राणबळ आहे, मी ते वाढवत आणलंय. मी म्हटलं, मग हात मांडीवर ठेवा आणि गप्प बसा, बघू वाढतं का. सगळे बघत होते. चौऱ्याण्णव झालं, पंच्याण्णव झालं. कोणी काही करत नव्हतं आणि आकडा आपला वाढत होता. मोठ्या डॉक्टरांना पाकीट उघडायला सांगितलं. आत मी लिहिलं होतं: आज पहिलं आणि दुसरं मशीन अडेल, बाकीची तीन चालतील, आणि अकराच्या आत ही दोन्हीही कोणी हात न लावता सुटतील. मग मी रात्रीच्या दोनचं, मेन स्विचचं आणि कागदाखालच्या कागदाचं सगळं सांगितलं. शंभर टक्के झाले, दोन्ही मशीनं सुटली. चष्मेवाल्याने चष्मा काढून हातात धरला आणि खाली बघत राहिला. कोणीतरी हसलं. मला, देवाशपथ, आयुष्यात इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

मी म्हटलं, वहिनींना आत बोलवा.

बाक रिकामा होता. सिस्टर म्हणाली, त्या आज आल्याच नाहीत, आणि भाऊजीही नाहीत. तेवढ्यात दोघं दारात उभी राहिली. भाऊजींनी त्यांना खांद्याला धरलं होतं. वहिनींचा उजवा हात ओल्या टॉवेलात कोपरापर्यंत गुंडाळलेला होता. चेहरा पांढराफटक, ओठ सुकलेले. त्यांनी आमच्याकडे बघितलंच नाही. मशीनांकडे बघितलं. पाचही चालत होती.

"चालली ना सगळी?" त्यांनी विचारलं.

भाऊजींनीच सांगितलं. गुरुवारी दोन मशीनं सुटलेली बघून महाराजांनी त्यांना फोन केला होता. अर्धं उतरलंय, उद्यावर टाकू नका, आज संध्याकाळीच उरका, नाहीतर परत चढेल. सहाला मेन ओढून, रात्रीची रजा टाकून ते घरी गेले आणि स्टोव्हवर तेल ठेवलं. मुलीला शेजारी पाठवलं. चार आकड्यांनंतर वहिनी हात बाहेर काढायला लागल्या. महाराजांनी बजावलं होतं की मध्येच काढला तर सगळं वाया जाईल.

"म्हणून मी मनगट धरून ठेवलं," भाऊजी म्हणाले. "अकरा होईपर्यंत."

मोठ्या डॉक्टरांनी टॉवेल सोडवला. मी एकतीस वर्षं हॉस्पिटलात आहे, तरी मी तोंड फिरवलं. डॉक्टर स्वतःच त्यांना घेऊन वॉर्डाकडे निघाले. या गडबडीत महाराज चपला न घालताच मागच्या जिन्याने पसार झाले. दोन दिवसांनी पोलिसांनी त्यांना धरलं. डॉक्टर म्हणत होते की नाव खराब होईल, पण तक्रार मी लिहून दिली. खटला चालू आहे.

भाऊजी लॅबमध्येच उभे राहिले होते. चष्मेवाल्याने त्यांना मेनचं सगळं समजावून सांगितलं, त्याला वाटलं माणसाला कळलेलं बरं. भाऊजींनी ते शांतपणे ऐकलं आणि माझ्याकडे वळले.

"म्हणजे ते रोज मी करत होतो?"

मी म्हटलं, नाही, तुम्ही दिलेलं काम करत होतात, दोष त्या कागदावर कागद चिकटवणाऱ्यांचा आणि आमचा, न विचारणाऱ्यांचा. महिनाभराने त्यांनी रात्रीची पाळी सोडली.

त्याच दिवशी दुपारी इलेक्ट्रिशियनने कॉम्प्युटरांची लाइन मेनपासून वेगळी केली. पाऊण तासाचं काम. आता भाऊजींच्या जागचा माणूस बाकीची वीज निर्धास्त बंद करतो, रात्री दोनला मशीनं आपली झाडलोट उरकतात, आणि सकाळी कोणाच्या लक्षातही येत नाही की काही झालं. वहिनी टेबलावर परत आल्या. तीन बोटं सरळ होत नाहीत, कातडी आखडली आहे, आणखी दोन ऑपरेशनं सांगितली आहेत. त्या डाव्या हाताने टाइप करतात. माझ्याशी नीट बोलतात, आणि तेच मला सोसवत नाही.

असल्या गोष्टी सांगून झाल्या की लोक म्हणतात, बरं झालं, लबाडी उघडी पडली. काय बरं झालं? मी तुम्हाला दोनच गोष्टी सांगते. एखादं यंत्र, एखादं मूल, एखादं घर बिघडलं आणि कोणी तुम्हाला म्हणालं की अमक्या बाईच्या हाताला आहे, तर त्या दिवशी दुसरं काय बदललं होतं ते विचारा. तिच्याबरोबर आणखी कोण नव्हतं ते बघा. आणि तिने हात न लावता, तो बाबा न येता काय होतं ते एकदा पारखून घ्या. एवढी अक्कल सगळ्यांना असते. त्याला शिक्षण लागत नाही. आमच्या चष्मेवाल्याकडे शिक्षण होतंच की.

आणि दुसरी गोष्ट माझ्यासारख्या शहाण्यांसाठी आहे. खरं काय ते तुम्हाला कळलं असेल, तर ज्याचा जीव टांगणीला लागलाय त्याला आधी जाऊन सांगा. पूर्ण खात्री, पुरावा, चारचौघांत फजिती, ते सगळं नंतर. सांगितल्यावर तो माणूस ऐकेल न ऐकेल, पण सांगा. गुरुवारी सकाळी दहा वाजता मला सगळं माहीत होतं, आणि वहिनी माझ्यापासून चार पावलांवर बसल्या होत्या.